जे पाठवावं लागत नाही

१

दुपारी डबा उघडायच्या आधी दीप्ती वडलांना फोन करायची. हा नेम इतका पक्का होता की शेजारच्या टेबलावरची जॅकलिन घड्याळाकडे बघायचीच नाही. दीप्तीने फोन उचलला, की ती आपला डबा काढायची.

ऑफिस पवईला, तलावाच्या कडेने उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींपैकी एकीत. वडील दिंडोशीला, वसाहतीतल्या तळमजल्याच्या खोलीत, एकटे. गुणाजी त्यांचं नाव. पोरवयात मालवणाकडून मुंबईला आले, गिरणीत लागले, गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते केलं. ऐंशीच्या घरात आले तरी बोली गावचीच राहिली. डोळ्यांना आता माणूस म्हणजे नुसती सावली दिसायची. शेजारची शकु सकाळ-संध्याकाळ डोकावून जाई, तिच्या भरवशावर सगळं चाललं होतं.

"जेवलात बाबा?"

"जेवलंय. तू?"

"आता बसतेय. गोळी घेतली?"

"घेतलंय. शकु इलेली मगाशी."

"बरं."

आणि मग रोजचाच प्रश्न, अगदी हलक्या आवाजात, जणू पंख्याचं बटण कुठलं ते विचारतायत. "येव काय गो मी थंय? कायमचो?"

"या रविवारी बघू, बाबा."

"बघ. ठेवतंय."

कारणं होती. मुलुंडचं घर दोन खोल्यांचं. मुलीची बारावी. नवऱ्याचं आणि बाबांचं कधी पटलं नव्हतं. कारणं खरी असली की ती माणसाला फार काळ पुरतात.

दीप्तीचा धंदा आवाज पाठवण्याचा. त्याहून खरं सांगायचं तर, आवाज न पाठवण्याचा. तिच्या शास्त्राचा पायाच हा, की जे आधीच ठाऊक आहे त्यात माहिती नसते. नळाला रोजच्या वेळी पाणी आलं तर चाळीत कुणी कुणाला कळवत नाही. आलं नाही, की अख्खी चाळ बोंबलते. ते बोंबलणं म्हणजे माहिती. बाकी सगळं तेच ते. आणि तेच ते इकडून तिकडे पाठवत बसायला फोन कंपन्या काही धर्मादाय संस्था नाहीत.

म्हणून दीप्तीच्या कंपनीने दोन्ही टोकांना एक अंदाज बांधणारं यंत्र बसवलं होतं. तुम्ही कसे बोलता, कुठे थांबता, कशापुढे काय म्हणता, हे ते शिकून घेई. त्याचा अंदाज बरोबर असेल तर तुमच्याकडून काहीच पाठवलं जात नसे. पलीकडच्या माणसाला तुमच्या आवाजात तो अंदाजच ऐकू येई. अंदाज चुकला तरच खरा शब्द जाई. शब्द वाटेत तुटला, तर तुम्ही बहुधा काय म्हणाला असाल ते बघून तो सांधला जाई. त्या सांधण्याला सगळे 'दुरुस्ती' म्हणत. दुरुस्तीचं काम दीप्तीकडे होतं.

बाबांकडचा फोन चाचणीतला होता. म्हणून त्यांचं बोलणं तिच्या टेबलावरच्या पेटीतून जाई, आणि पेटीवर दोन हिरवे दिवे होते. एक तिचा, एक बाबांचा. खरोखरचं काही पलीकडे गेलं की दिवा लुकलुकायचा. रोजच्या फोनला दोन्ही दिवे जवळजवळ विझलेलेच असत.

"दीप्ती, तुझा आणि तुझ्या बाबांचा फोन आपल्याला फुकट पडतो यार," हर्षद म्हणायचा. हर्षद तिचा वरिष्ठ, वयाने धाकटा. "असे सगळेच ग्राहक मिळाले तर झकास."

दीप्ती हसायची. तिचं तेच तर कौशल्य होतं.

२

त्या दिवशी बाबांचा दिवा फोन लागल्या लागल्या लुकलुकला.

"मोरयेत पाय सरकलो माझो," ते म्हणाले. "पडलंय. कपाळाक खोक पडली."

दीप्ती खुर्चीतून उठलीच. "काय? कधी? बाबा, रक्त आलं का? डॉक्टरकडे नेलं कुणी? शकु कुठेय?"

"घेतलंय," बाबा शांतपणे म्हणाले. "शकु इलेली मगाशी."

"बाबा, मी विचारतेय डोक्याला लागलंय त्याचं. चक्कर येतेय का?"

"आता लोळतंय जरा. तू जेव."

"बाबा!" ती ओरडली. पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "ऐकू येतंय का तुम्हाला?"

"येव काय गो मी थंय?" बाबांनी विचारलं. थोडं थांबले. ऐकत असल्यासारखे. मग म्हणाले, "बरा. बघ. ठेवतंय."

फोन बंद झाला. दीप्ती उभीच. म्हातारं माणूस, डोक्याला मार, त्यात कान: तिने स्वतःची समजूत घातली. शकुला फोन लावला. शकु म्हणाली, टाके नाही पडले, पट्टी बांधलीय, काळजीचं काही नाही. सगळं ठीक होतं.

मग बसता बसता तिला आठवलं. आपण ओरडत असताना नजर समोरच्या पेटीवर होती. ओरडणं, रक्त, डॉक्टर, चक्कर: यांतलं एकही आपण रोज बोलत नाही. असल्या बोलण्यालाच तर दिवा लुकलुकायला हवा.

आपला दिवा एकदाही लागला नव्हता.

३

दिव्यात बिघाड असेल. तिने तो काढून बाबांच्या दिव्याच्या जागी लावला. चालत होता. वायर हलवून बघितली, पेटी बंद करून चालू केली. दुरुस्ती बंद ठेवून चाचणीची यादी वाचून दाखवली, अगडबंब, निरर्थक शब्दांची. दिवा दिवाळीतल्या माळेसारखा लुकलुकला.

"काय झालं गं?" जॅकलिनने कानातला हेडफोन काढत विचारलं. ती मरोळ गावठाणातली. नवरा जहाजावर, घरी सासू, मार्सेलिना, जिच्या नावाने ती रोज खडे फोडायची.

"बाबांना माझं ऐकू जात नव्हतं. भलतीच उत्तरं देत होते."

"नशीबवान आहेस. माझ्या म्हातारीला सगळं ऐकू जातं." जॅकलिन थांबली. "अगं पण एक सांगू? महिना झाला, फोनवर भांडणच नाही. मी इतकं सुनावते तिला, आणि ती म्हणते, 'हां बाय, लवकर ये, मासे तळलेत.' आधी वाटलं सुधारली. घरी गेले की मात्र तोंड हे एवढं! म्हणे, मी फोनवर किती गोड बोलते आणि घरी येऊन सैतान होते."

जॅकलिन हसली. दीप्तीला हसू आलं नाही.

ती तडक हर्षदच्या केबिनमध्ये गेली.

"दुरुस्तीची मर्यादा कुणी वाढवली?"

"मी. का?"

"मला न विचारता?"

"मेल टाकलेला. तू वाचत नाहीस तर मी काय करू?"

"तुटका शब्द सांधायचा, एवढंच ठरलं होतं आपलं. हे अख्खं वाक्य गिळतंय आणि आपल्या मनाचं वाक्य माझ्या तोंडात घालतंय. बाप मोरीत पडलाय, मी ओरडतेय, आणि त्यांना ऐकू येतंय 'गोळी घेतली का'!"

"हे बघ, अंधेरी ते बोरिवली, घाटकोपर ते मुलुंड, सगळीकडे लागलंय हे. तक्रारी किती? शून्य. आजवर कुठल्या नेटवर्कला शून्य तक्रारी आल्यात, सांग ना."

"तक्रारीचा नंबर कुठल्या लाइनवर आहे?"

"आपल्याच. दुसऱ्या कुणाच्या असणार?"

"मग लोक तिथे फोन करून काय बोलतात?"

हर्षदने खांदे उडवले. "चौकशी करतात. धन्यवाद म्हणतात."

मुंबईच्या उपनगरांतली माणसं फोन कंपनीला धन्यवाद म्हणतात! ज्या माणसाने जन्मात एकदा तरी चुकीच्या बिलापायी त्या नंबरवर अर्धा दिवस घालवलाय, त्याला हे वाक्य दिसताक्षणी खोटं कळलं असतं. हर्षद खोटं बोलत नव्हता. त्याच्या कानावर खरंच धन्यवाद येत होते. रस्त्यारस्त्यावर फलक लागले होते, 'आता आवाज तुटणार नाही', आणि त्या फलकांखाली उभी राहून माणसं काय काय बोंबलत असतील, ते आता कधीच कुणाला कळणार नव्हतं.

"मर्यादा खाली आण," ती म्हणाली.

"दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही, वरून सांगितलंय. आणि तो तुझा दिवा लूज असेल. हलवून बघ."

४

दुसऱ्या दिवशी तिने फोन लावला आणि तोंड बंद ठेवलं.

इंजिनिअरने दुसरं काय करायचं? शंका आली की मोजून बघायचं. पेटीला एक हेडफोन जोडता यायचा, पलीकडे काय ऐकू जातंय ते कळायला. तिने तो एका कानाला लावला. ओठ मिटले. वर पदर धरल्यासारखा हात धरला.

"जेवलात बाबा?" तिचा आवाज म्हणाला.

"जेवलंय. तू?"

"आता बसतेय. गोळी घेतली?"

दोन्ही दिवे विझलेले. दीप्ती श्वाससुद्धा जपून घेत होती. आवाज उत्तम होता. तिने अशा आवाजासाठी वर्षं घालवली होती. कुठे खरखर नाही, कुठे सांधा नाही. मागे ऑफिसच्या एसीची हलकी घरघर, तीही बेताची, जशी असायला हवी तशी.

मग बाबांचा दिवा लुकलुकला.

"शकु आज गावाक जाता. कायमची. तिच्या झिलान घर बांधल्यान थंय." बाबा थांबले. "हय आता माका कोण नाय, दीप्ती."

त्यांनी तिला नावाने हाक मारल्याला किती वर्षं झाली असतील! तिचा हात तोंडावरून खाली आला. ओठ अजून मिटलेलेच होते. पण पलीकडे ती बोलत होती.

"बरं."

"येव काय गो मी थंय?"

हेडफोनमध्ये बारीकसा आवाज आला. खाकरण्याचा. घसा साफ केल्यासारखा, अर्धा गिळलेला. आणि मग, "या रविवारी बघू, बाबा."

"बरा," बाबा म्हणाले. "ठेवतंय."

दीप्तीच्या अंगावर काटा आला, तो त्या वाक्याने नाही. वाक्य तिचंच होतं. ते खाकरणं! ते वाक्य बोलायच्या आधी आपण दर वेळी खाकरतो, हे तिला स्वतःला ठाऊक नव्हतं. रोज बाबा ते ऐकत आले असणार. यंत्राने ते ऐकलं होतं. एवढ्या दिवसांत ते न ऐकलेलं माणूस एकच होतं.

५

तिने लगेच परत फोन लावला. या वेळी हेडफोन कानाला, फोन तोंडाशी, नजर दिव्यावर.

"बाबा, तुम्ही या. कायमचे या. मी आजच न्यायला येतेय."

"जेवलात बाबा?" हेडफोनमध्ये तिचा आवाज म्हणाला.

"आताच तर सांगलंय, जेवलंय म्हणान," बाबा चक्रावून म्हणाले.

"बाबा, ही मी नाही! ऐका. मी दीप्ती. तुम्हाला ऐकू येतंय ते मी बोलत नाहीये."

"आता बसतेय. गोळी घेतली?"

ती ओरडली. लहानपणी बाबा तिला ज्या नावाने चिडवायचे, ते नाव तिने सांगितलं. आईचं नाव सांगितलं. शेवटी तिने शिवी दिली. गुणाजींना, जन्मदात्या बापाला, आयुष्यात पहिल्यांदा. सबंध मजला चिडीचूप झाला. दिवा विझलेलाच.

"घेतलंय गो," बाबा म्हणाले. "कितीदा विचारतंस?"

दीप्तीने फोन ठेवला, पण डोकं चालत होतं. तेवढंच तिच्या हातात होतं. जितकं अनपेक्षित, तितकी माहिती मोठी. हे शास्त्र तिला तोंडपाठ होतं. त्याच शास्त्राची दुसरी बाजूही पाठ होती: जितकं अनपेक्षित, तितका तो शब्द वाटेत बिघडला असण्याचा संशय मोठा. मर्यादा वाढवत नेली की एक जागा अशी येते, जिथे यंत्राला बातमी आणि बिघाड यांतला फरक कळत नाही. बाबांच्या चाचणीतल्या फोनवर जुनीच मर्यादा होती, म्हणून त्यांचं पोचत होतं. दीप्तीने बापाला घरी बोलवावं, ही गोष्ट मात्र तिच्याकडच्या यंत्राच्या लेखी अशक्य होती. म्हणून ते ती चूक दुरुस्त करत होतं. सभ्यपणे, तिच्याच आवाजात.

तिने जॅकलिनचा मोबाईल मागून घेतला आणि शकुला लावला. गाडीचा, फलाटाचा गोंगाट.

"शकु, थांब, जाऊ नकोस. बाबांना सांग, मी येतेय. आत्ता निघतेय."

"हो ताई, सांगितलंय ना मी त्यांना," शकु म्हणाली. "ताई रविवारी बघू म्हणाल्यात, म्हटलं. नका काळजी करू. चला, गाडी सुटतेय."

६

पर्स घेऊन दीप्ती उठली. फोनचा प्रश्न मिटला होता. आता पाय होते. पवई ते दिंडोशी म्हणजे काही परदेश नव्हे. इतके रविवार तो रस्ता तेवढाच लांब होता, हा विचार तिने बाजूला सारला.

"जॅकी, मी बाबांना आणायला चाललेय. हर्षदला सांग."

जॅकलिनने स्क्रीनवरून मान वर केली. हसली. "माझ्यासाठी पण सांग. साखर कमी."

"काय?"

"आणि त्याला म्हणावं, कालच्यासारखा पाणचट नको."

दीप्ती या वेळेला रोज उठून चहा सांगायची, हे खरं. जॅकलिनच्या एका कानात हेडफोन होता, हेही खरं. दीप्तीने ती दोन्ही खरी कारणं घट्ट धरली आणि वळली.

तेवढ्यात टेबलावर काढून ठेवलेल्या हेडफोनमधून कुजबुज ऐकू आली.

फोन जागेवर होता. तिने लावलेला नव्हता. पेटीवरचा बाबांचा दिवा मात्र जोरजोरात लुकलुकत होता, माणूस आनंदाने काहीबाही बोलत सुटल्यावर लुकलुकेल तसा. तिने हेडफोन उचलून कानाशी नेला.

"...कायमचंच, बाबा. आज न्यायला येते. रविवार-बिविवार काही नाही."

तिने सुटकेचा निःश्वास सोडला. गेलं! उशिरा का होईना, अडकलेलं बोलणं सुटलं आणि पोचलं. असं होतं कधीकधी. मागे राहिलेलं नंतर पोचतं.

"सगळं नका घेऊ. फोटो आणि कपडे. बाकीचं सामान मी भरते."

दीप्तीने हेडफोन कानाशी दाबला. सामानाचं ती बोलली नव्हती. बोलणार होती. पर्स घेता घेता मनात जुळवत होती ते वाक्य, याच शब्दांत.

तिचा स्वतःचा दिवा काळा होता. तिच्याकडून काहीच गेलेलं नव्हतं. तिच्याकडून काही जायची आता गरज उरली नव्हती.

"तू खंय पोचलंस गो?" बाबांनी विचारलं.

"दाराशीच आहे, बाबा. कडी काढा."

७

खाली ऑक्टोबरचं ऊन मळकट, पिवळं पडलं होतं. तलावावर धुरकट साय. रांगेतली पहिली रिक्षा तिने पकडली.

"दिंडोशी. लवकर."

"हां मॅडम."

रिक्षा फाट्याला आली आणि उजवीकडे वळली. कांजूरमार्गकडे. दीप्ती घरी जाताना रोज वळायची तिकडे.

"अहो भाऊ, इकडे कुठे? दिंडोशी म्हटलं मी. डावीकडे, हायवेला!"

"हो ना, ट्रॅफिक असतोच इथे," रिक्षावाला आरशात न बघता म्हणाला. "पाच मिनिटांत स्टेशन."

रिक्षावाल्यांना ऐकू येत नाही हे काही आजचं नाही. कानावर पट्टा बांधल्यासारखे चालवतात. तिने त्याच्या खांद्यावर थाप मारली. त्याने तो खांदा खाजवला, माशी बसल्यासारखा.

सिग्नलला तिने उतरून पळ काढला. तो हाक मारेल, पैशांसाठी भांडेल, आई-बहीण काढेल, म्हणून तिने वाट पाहिली. आणि त्याने तसं करावं अशी तिची केवढी इच्छा होती. हिरवा झाला. रिक्षा कांजूरच्या दिशेने निघून गेली. मागची सीट रिकामी असल्याचं त्याला कळलं की नाही, कोण जाणे.

पुढचा रस्ता तिने बसने काढला. बसमध्ये बरं होतं. तिकीट मोबाइलवर काढलं, तिथे कुणाला काही सांगावं लागत नव्हतं.

८

वसाहतीत दुपारची सामसूम होती. शकुच्या दाराला कुलूप. व्हरांड्यात कुणाच्या तरी साड्या वाळत पडलेल्या, हलतही नव्हत्या.

बाबांचं दार वितभर उघडं होतं.

आतून ट्रंकेचं झाकण आपटल्याचा आवाज आला. मग कपडा झटकल्याचा. दीप्ती उंबऱ्याशी थांबली. हात पुढे होत नव्हता.

"स्वेटर कशाला, बाबा? मुलुंडला काय बर्फ पडतो?"

"ऱ्हव दी गो. तुझ्या आवशीन विणलेलो."

या आवाजात फोनचं काहीच नव्हतं. दीप्तीने आयुष्यभर आवाज ऐकण्याचं काम केलं होतं. तारेतून आलेला आणि हवेतून आलेला, तिला झोपेतही ओळखू आला असता. हा आवाज त्या खोलीतलाच होता. पत्र्याच्या कपाटावर आपटून परत येत होता. ट्रंकेकडे वाकला की दबत होता, सरळ झाला की मोकळा होत होता. फोन समोर, फळीवर, जागच्या जागी ठेवलेला दिसत होता.

फटीतून बाबा दिसले. कॉटवर बसले होते. कपाळावर पट्टी, केस पाणी लावून बसवलेले, इस्त्रीचा सदरा, पायांत चपला. चेहरा असा की दीप्तीला पटकन ओळखूच येईना. इतका सुखी चेहरा तिने त्यांचा कधी पाहिला होता?

"माका म्हायती होता," ते म्हणत होते, "तू येतलंस म्हणान. शकु म्हणता, नाय येवचा. मी म्हटलंय, माझा चेडू मी वळाखतंय."

मोरीपुढचा पडदा पंख्याने हलत होता. तो उचलला जाई तेव्हा त्याच्या आड, कॉटच्या दारालगतच्या टोकाला बसलेल्या कुणाची तरी पाठ दिसे. खांदा, मानेवरचा अंबाडा. तेवढंच. दोन हात मांडीवर लुंगीची घडी घालत होते. आधी तीन पदर, मग हनुवटीखाली धरून एकदा दुमड. दीप्ती घालायची तशी.

तिने दार ढकललं. दार उघडलं, बिजागरी करकरली, बाहेरचा पिवळा उजेड फरशीवर पडला.

"बाबा!"

पडदा खाली आला. हात थांबले.

"बाबा, मी आलेय. इकडे बघा. ही मी आहे, मी आलेय न्यायला, बाबा, तिच्याबरोबर जाऊ नका!"

गुणाजींनी मान वर केली. विझत आलेले डोळे थेट दाराकडे वळले, तिच्यावर येऊन थांबले. कपाळाला आठ्या पडल्या. ते खरंच प्रयत्न करत होते. माणूस गर्दीत दूरची हाक ऐकायचा करतो तसा.

"कसलो गो आवाज?"

पडद्यामागे कुणीतरी खाकरलं. अर्धवट, गिळल्यासारखं.

"काही नाही बाबा. वारा आहे."

"मगे लाव दार. धूळ येता."

पडद्याच्या कडेने एक हात पुढे आला. मनगटावर कुकरच्या वाफेने भाजल्याचा लाल डाग होता, ताजा. दीप्तीने नकळत स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. आज सकाळीच भाजलं होतं. घरातही कुणाला दाखवलं नव्हतं.

त्या हाताने दार लोटलं. जोर लावून नाही, घाईने नाही. घरच्या माणसाने लोटावं तसं. आतून कडी लागली.

दीप्तीने दोन्ही मुठी दारावर आपटायला सुरुवात केली. बाबा, बाबा, करत ती आपटत राहिली, घसा फाटेपर्यंत. समोरच्या बिऱ्हाडातली बाई दाराशी आली, व्हरांडाभर नजर फिरवली, आणि वाळत घातलेल्या साड्या उडू नयेत म्हणून चिमटे लावून आत गेली.

आत गुणाजी ट्रंकेला कुलूप लावत होते.

"वारो वाढलो गो," ते म्हणाले.